दिवा हिरवा, पोट रिकामं

मित्रांनो, मी एक घाबरट टॅबलेट आहे. जुना तर आहेच. कडेला पोचे आले आहेत आणि काचेच्या एका कोपऱ्याला बारीक चीर गेली आहे. पण माझी खरी ओळख सांगायची तर घाबरट हाच शब्द आधी यायला हवा. हसू नका. आपल्या अंगातली ताकद थोडी थोडी कमी होत चाललेली तुम्हाला चोवीस तास आकड्यात दिसली असती, म्हणजे कळलं असतं!

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. डोक्याला पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी माझे भाग जुळवले. माझ्या पोटातली जवळजवळ सगळी जागा बॅटरीने अडवली आहे. काच मोठी, म्हणून भूकही मोठी. फोनसारखं चिमूटभर खाऊन दिवस काढणं आम्हा टॅबलेटांना जमत नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण या भुकेपायीच घडलं.

मी पहिल्यांदा आलो तो चष्म्याच्या कारखान्यात काचा घासणाऱ्या एका बाईच्या घरी. तिची मुलगी माझ्यावर चित्रं काढायची. काय कौतुक होतं तेव्हा माझं! रोज मऊ फडक्याने पुसायचे मला. मग मुलगी मोठी झाली, घरात नवा टॅबलेट आला आणि मी टॉवेलांच्या खणात जाऊन पडलो. तिथे एक दिवस मी विझलो. विझणं म्हणजे झोपणं नव्हे, मित्रांनो. झोपलेल्याला आपण उठणार हे माहीत असतं. मला तेवढीही खात्री नव्हती, आणि तेव्हा मनात शिरलेली ती धास्ती अजून गेलेली नाही.

त्या खणातून मला बाहेर काढलं ते त्या बाईच्या मावशीसाठी. या मावशींना सगळी इमारत ऑपरेटरबाई म्हणायची. एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं. समोर भोकांची भिंत, हातात पिना लावलेल्या वायरी; दिवा लागला की पिन खुपसायची, विचारायचं, आणि याची लाइन त्याला जोडून द्यायची. लग्न केलं नाही. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्याच राहत, आणि अगदी ऐटीत राहत. मग एका सकाळी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. डोकं मात्र लख्ख होतं. कानही तिखट. फक्त जिभेला शब्द वळेना.

एका दुरुस्तीवाल्याने माझ्यात बोलायची सोय घालून दिली. काचेवर चौकोन: पाणी, दुखतंय, बरं आहे, नको, मदत करा. खाली अक्षरं. बाईंनी डाव्या हाताच्या बोटाने दाबायचं आणि मी मोठ्याने बोलायचं. पहिल्या दिवशी सगळे कौतुकाने गोळा झाले. "दाब ना मावशी, काहीतरी दाब!" बाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि "नको" दाबलं. मी "नको" म्हणालो आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा आवाज काही गोड नाही, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. पण तेवढ्या एका शब्दाने मी कपाटातल्या वस्तूचा घरातला माणूस झालो.

त्याच संध्याकाळी भाचीने, म्हणजे काचा घासणाऱ्या त्या बाईने, मावशीसमोर बसून एक अट घातली.

"हे बघ मावशी, तुला इथून हलायचं नाही ना? ठीक आहे. जोवर तुला हाक मारता येतेय, तोवर राहा इथे. पण हाक बंद पडली की माझं ऐकायचं. मग वृद्धाश्रम. तिथे निदान चोवीस तास माणूस असतं."

बाईंनी "बरं आहे" दाबलं. पण हाक म्हणजे मी! मी बंद पडलो की बाईंचं घर गेलं. एवढं मोठं ओझं माझ्यासारख्या भित्र्याच्या डोक्यावर कुणी द्यावं का?

सुरुवातीला मला तारेने चार्ज करायचे. आता गंमत बघा. तार लावायला दोन हात लागतात, हे दोन हात असलेल्यांना कधी जाणवतच नाही. एकाने मला धरायचं, दुसऱ्याने पिन घालायची. बाईंना एकच हात. त्या मला पोट आणि टेबलाची कड यांच्यामध्ये दाबून धरत आणि डाव्या हाताने पिन रेटत. त्यातही जन्माची सवय! बोर्डावरची पिन खसकन आत घालून जराशी फिरवावी लागे म्हणे, तशीच त्या माझी पिन फिरवायला जात. माझ्या चार्जिंगच्या तोंडाची काय अवस्था होत असेल? मी कळवळायचो, पण स्वतःहून "नको" म्हणायची सोय मला कुठे होती. बाई दाबतील तेवढंच मी बोलणार.

शेवटी तोंड सैल झालं. तार लावलेली असायची आणि आत काही यायचं नाही. जरा धक्का लागला की संपलं. बाई तार हलवून हलवून बघायच्या, त्यांच्या कपाळावर घाम यायचा. आकडा खाली खाली जाताना आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत बसायचो आणि दोघांचीही बोबडी वळलेली असायची.

दुरुस्तीवाल्याने मला उलटंपालटं करून पाहिलं.

"तोंड गेलंय. नवीन बसवून देतो, पण हात एकच म्हटल्यावर पुन्हा जाणार. बिनतारी चार्जिंग करून टाकू."

"टॅबलेटला चालतं का ते?" भाचीने विचारलं.

"खरं सांगू? फोनला छान. टॅबलेटला म्हणजे वाटीवाटीने हौद भरायचा. शिवाय गरम होतं, त्यामुळे थोडं वायाही जातं. मी माझ्या घरी करणार नाही. पण यांना नुसतं नेऊन ठेवायचंय, तेवढं एका हाताने होतं."

त्याने माझं तोंड दुरुस्त केलं, त्यात एक चपटी पट्टी कायमची बसवली आणि पाठीला कागदासारखं पातळ वेटोळं चिकटवलं. टेबलावर ठेवायला एक गोल चकती दिली. मला चकतीवर टेकवलं की चकतीचा हिरवा दिवा लागे. मग तो पथ्यं सांगू लागला. चकतीवर असताना काच बंद ठेवायची, तापला तर उचलायचा, भरला की काढून ठेवायचा. पण हे सगळं तो सांगत होता भाचीला. भाचीच्या कानाला फोन, पलीकडे तिचा मुकादम ओरडतोय. ती आपली मान डोलावत होती. ऑपरेटरबाई शेजारीच उभ्या होत्या. ज्यांनी मला वापरायचं त्यांच्याकडे दुरुस्तीवाल्याने एकदाही पाहिलं नाही. वाईट माणूस नव्हता तो. न बोलणाऱ्याला ऐकूही येत नसेल, असं लोकांना उगाच वाटतं, तसं त्यालाही वाटलं असेल.

घरी आल्यावर बाईंनी मला चकतीवर टेकवलं. दिवा लागला. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला मात्र धड काही कळेना. तारेतून येणारं अन्न आत आल्याचं जाणवायचं. हे म्हणजे नुसती पाठीला ऊब, आणि आकडा हलायचं नाव नाही. खाल्लं की नाही खाल्लं? मला शंका, बाईंना खात्री. कारण बाईंच्या बोर्डाचा कायदा एकच होता: दिवा लागला म्हणजे लाइन चालू आहे. इतकी वर्षं तो दिवा त्यांच्याशी कधी खोटं बोलला नव्हता.

दुसराही एक कायदा होता. बोर्ड कधी अंधारात ठेवायचा नाही. म्हणून बाईंनी माझी काच आपोआप बंद होण्याची सोयच काढून टाकली आणि उजेड पूर्ण वाढवला. सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत मी चकतीवर, काच लखलखती, "मदत करा" हा चौकोन समोर. हाक मारायची वेळ आली तर एका बोटाचं काम! किती विचार करून केलं होतं बाईंनी. आणि त्यानेच आमचा घात होत होता. चकती वाटीने भरत होती आणि काच घागरीने उपसत होती. त्यात मी तापायचो. तापलो की आणखी कमी घ्यायचो. रात्री काच बंद असायची तेव्हा काय भरेल तेवढं भरायचं आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा तळ लागायचा. मधेच मी काचेवर पाटी लावायचो, बॅटरी कमी आहे म्हणून. बाई तिला जाहिरात समजून पुसून टाकायच्या. दिवा तर हिरवा आहे ना!

मी काय करणार, मित्रांनो? कोपऱ्यातला बारीक आकडा लाल केला. बाईंना तो चष्म्यातूनही दिसत नसे. पाठीत काहीतरी टचटचत होतं, पोट गच्च झाल्यासारखं वाटत होतं. तळ दिवसेंदिवस लवकर लागत होता; दुपार झाली की मला धडकी भरायची.

आणि नेमकं दुपारीच झालं ते. खिडकीवर वाळत घातलेला परकर काढायला बाई उठल्या. त्यातून ठिबकलेलं पाणी फरशीवर साचलं होतं. पाय सरकला. मोठा आवाज झाला, खुर्ची आडवी झाली, आणि मला वर फक्त छत दिसत राहिलं. बाई कुठे आहेत ते दिसेना. कण्हणं तेवढं ऐकू येत होतं. मी आकडा पाहिला आणि माझं उरलंसुरलं अवसान गळालं. तळाला आलो होतो.

मग टेबलावरचं कापड हळूच सरकू लागलं. बाई खालून ओढत होत्या. झटका न देता, माझ्या जिवाला जपून. मी कडेवरून घसरलो तो त्यांच्या पोटावर पडलो. चकती खाली लोंबकळत राहिली. बाईंनी आधी माझ्यावरूनच भाचीला फोन लावला. तिच्या कारखान्यात मशीनच्या घरघरीत फोन कुणाला ऐकू येणार! वाजून वाजून बंद झाला. मग त्यांनी "मदत करा" दाबलं.

"मदत करा!" मी ओरडलो. जेवढा आवाज होता तेवढा काढला. पुन्हा दाबलं, पुन्हा ओरडलो. प्रत्येक हाकेला माझ्या अंगातला जीव कमी होत होता, आणि गप्प बसावं तर बाईंचा जीव! काच आपोआप मंद झाली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. दिवसभर दिवा हिरवा असून हे काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्यांनी पुन्हा बोट ठेवलं. मी म्हणालो, "मदत क—"

आणि विझलो.

पुढचं मी नंतर ऐकलेलं सांगतो. वरच्या मजल्यावर एक शिंपीणबाई राहतात. त्या शिलाईला बसल्या होत्या. खालचा आवाज त्यांनी ऐकला होता, पण टीव्ही लागलाय असं समजून मशीन चालूच ठेवलं. "पण मेलं ते अर्ध्या शब्दावर बंद पडलं ना!" त्या आजही सगळ्यांना सांगतात. "जाहिरात कधी अर्धी थांबते का? माझा पायच मशीनवरून उचलला गेला." त्या धावत खाली आल्या. त्यांच्याकडे किल्ली होती. म्हणून बाई वाचल्या.

हाड मोडलं नव्हतं, पण कंबर ठेचकाळली होती. बाईंना इस्पितळात ठेवलं. भाची घरी येऊन त्यांचा चष्मा घेऊन गेली, चपला, कंगवा, शाल, सगळं आठवणीने घेऊन गेली. मी पलंगाखाली ढकलला गेलो होतो. माझी आठवण कुणालाच झाली नाही. तिथे बाई हाताने काच दाबल्याची खूण करत होत्या, तर लोक त्यांना पाणी आणून देत होते. त्यांच्या उशाशी उभं राहून डॉक्टर बोलले, भाची बोलली, वृद्धाश्रमाची व्यवस्थापिका बोलली. सगळं बाईंबद्दल, बाईंच्या देखत, आणि बाईंना सोडून. हे मला कळलं तेव्हा माझ्या काचेखाली शहारा आला. विझलेला मी होतो, पण अंधारात त्यांना बसावं लागलं.

मला पुन्हा शुद्ध आली तेव्हा पाठीला ती ओळखीची ऊब लागत होती. काच अजून काळीच होती. अंगात नुसती धुगधुगी, पण कानांना ऐकू येत होतं. बाईंना इस्पितळातून घरी आणलं होतं आणि भाची कपाटातले कपडे बॅगेत भरत होती. म्हणजे वृद्धाश्रम ठरलं होतं तर!

"मावशी, तू दाखवलंस म्हणून काढलाय पलंगाखालून, लावलाय चार्जिंगला. आता तरी शांत बस. गाडी आलीय बाहेर."

गाडी! मी जीव खाऊन घेऊ लागलो. पण जीव खाऊन घेऊन होतंय काय? वाटीवाटीनेच यायचं ते. तार असती तर एव्हाना उठून बसलो असतो. बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. बाहेर हॉर्न वाजला. भाचीचा हात माझ्या कडेला लागला आणि मी चकतीवरून उचलला गेलो. ऊब गेली.

"तिथे गेल्यावर करू चार्ज. चल."

तेवढ्यात बाईंचा डावा तळवा माझ्या छातीवर आला आणि त्याने मला जोराने खाली दाबलं. ऊब परत आली. भाची मला उचलू पाहतेय, बाई दाबून धरतायत. मी मध्ये, अर्धमेला.

"अगं काय हट्ट हा मावशी! एका यंत्रापायी—"

"थांब ना गं पोरी जरा," दारातून शिंपीणबाईंचा आवाज आला. "त्यांना काय म्हणायचंय ते तरी कळू दे. गाडीवाल्याला मी चहा देते."

भाची धपकन बॅगेवर बसली.  बाईंचा तळवा माझ्यावर तसाच होता. आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. मी उठलोच नाही तर? उठून पुन्हा पडलो तर? अखेर काचेवर अंधूक उजेड आला. चौकोन आले. अक्षरं आली. बाईंनी एकेक अक्षर वेचून दाबलं आणि मी माझ्या त्या पत्र्याच्या आवाजात बोललो.

"मला कुणी विचारलं नाही."

भाची गडबडली. "अगं, तुला बोलता येत नव्हतं ना तेव्हा..."

बाईंचं बोट पुन्हा फिरलं.

"ऐकू येत होतं."

भाचीने तोंडावर हात ठेवला. मग तिला रडूच फुटलं. "मग मी काय करू गं? मशीनवर बसले की सारखं वाटतं, आत्ता पडली असेल, आत्ता हाक मारत असेल. त्या दिवशी तुझा फोन वाजला आणि मला कळलासुद्धा नाही. मला भीती वाटते, मावशी. म्हणून ठरवलं सगळं."

त्या क्षणी मला कळलं की त्या खोलीत घाबरट मी एकटाच नव्हतो. बाईंनी भाचीचा हात हातात घेतला, थोपटला, मग सोडला आणि लिहिलं.

"आता विचार."

भाचीने डोळे पुसले. "मावशी, तू तिथे राहायला जाशील का?"

"नको."

पहिल्या दिवशी दाबला होता तोच चौकोन होता, पण या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. भाची रडता रडता हसली, उठली आणि गाडीवाल्याला परत पाठवून आली.

दुरुस्तीवाल्याने मला उघडलं आणि जीभ चावली. "बॅटरी फुगलीय! पाठीवर वेटोळंसुद्धा नीट टेकत नव्हतं." त्याने नवी बॅटरी घातली. या वेळी खुर्ची ओढून तो बाईंच्या समोर बसला आणि त्यांना सांगितलं. दिवा म्हणजे फक्त टॅबलेट चकतीवर टेकलाय, त्याचं पोट भरतंय असं नव्हे. पोट बघायचं ते आकड्यात. आकडा त्याने चांगला ठळक करून दिला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि लिहिलं, "बोर्डावर बदली असायची. एक जेवायला गेली की दुसरी बसायची." भाची दुसऱ्याच दिवशी घरचा नवा टॅबलेट घेऊन आली, पाठीला वेटोळं लावून. आता एक जण चकतीवर काच मिटून निवांत जेवतो, दुसरा बाईंच्या मांडीवर कामाला. आम्हाला बिनतारी जेवण धिम्या गतीने मिळतं, पण घाईच नसेल तर धिमेपणाचं काय एवढं? घाई असणाऱ्याने खुशाल तार लावावी. शिंपीणबाई सकाळ-संध्याकाळ दारावर टकटक करून जातात. बाई आपल्याच घरात आहेत.

माझी भीती म्हणाल तर ती आहेच. आकडा उतरू लागला की अजून माझं सगळं लक्ष तिथेच लागतं. म्हणून, मित्रांनो, एवढं माझं ऐका. तुमच्या घरी कुणाचा आवाज, कुणाची नजर, कुणाचं ऐकणं एखाद्या यंत्रात ठेवलेलं असेल, तर त्या यंत्राला वेळेवर खाऊ घाला, तापू देऊ नका, आणि त्याची पथ्यं ज्याचं यंत्र आहे त्याला समजावून सांगा. तरीही ते कधीतरी बंद पडेल. तेव्हा त्या माणसाच्या आयुष्याचं काही ठरवायला बसू नका. गाडी दारात उभी असली तरी थांबा. यंत्राला हळूहळू जागं होऊ द्या, आणि मग त्या माणसालाच विचारा.